एका दुधाच्या चहाची गोष्ट : व्हीगन माणसानं किती पक्कं राहायचं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आजचा भाग थोडा कबुलीजबाबासारखा आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावरच येते. मागच्या डिसेंबरमध्ये, चार वर्षांनंतर, मी दुधाचा चहा प्यायले. अर्धा कप नाही, पूर्ण कप.

ज्यांना माझं खाणंपिणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी व्हीगन आहे. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूप, ताक, पनीर, मध हेही नाही. चामडं नाही, रेशीम नाही. कारण तब्येतीचं नाही. प्राण्याला त्रास देऊन मिळवलेली गोष्ट आपण वापरू नये, एवढंच कारण. मग तो चहा कसा काय? तेच सांगायचंय. आणि त्या निमित्तानं एक प्रश्न, जो मला अनेक जण विचारतात, कधी मनापासून आणि बऱ्याचदा खिजवायला : "तू एवढं सगळं पाळतेस, पण मग ते अमुक कसं चालतं तुला?"

आता मी कुठली ते माहीत असणं इथे गरजेचं आहे. मी पुरुषोत्तमनगरची. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका. आमच्या गावाची ओळखच मुळी साखर कारखान्याची. श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना. शहादा परिसरात सहकाराचं नाव निघालं की पी. के. अण्णा पाटील यांचं नाव निघतंच, आणि हा कारखाना म्हणजे त्यांच्याच कामाची खूण. हंगाम सुरू झाला की आमच्याकडे घड्याळ भोंग्यावर चालतं, आणि हवेला मळीचा तो वास असतो. बाहेरच्याला नकोसा वाटतो. आम्हाला तो आला की घरी आल्यासारखं वाटतं.

मी व्हीगन झाले पुण्यात, शिकायला गेल्यावर. खरं सांगायचं तर फोनवर झाले. डेअरीतल्या वासरांचे व्हिडिओ पाहिले, दोन रात्री झोप लागली नाही, तिसऱ्या दिवशी दूध बंद. वासरू गाईपासून वेगळं का करतात, नर वासराचं पुढे काय होतं, हे प्रश्न मला गावात राहून कधी पडले नव्हते. गोठा शेजारीच होता, तरी नव्हते पडले. फोननं पाडले. त्याबद्दल फोनचे आभारच आहेत.

पण फोननं अजून एक गोष्ट दिली. याद्या. काय व्हीगन आहे नि काय नाही याच्या लांबच लांब याद्या. सुरुवातीला मी बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचायचे : मिल्क सॉलिड्स आहेत का? आपल्याकडचा हिरवा ठिपका इथे कामाला येत नाही, कारण तो शाकाहाराचा आहे आणि दूध त्यात बसतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं २०२२ मध्ये वेगळे नियम केले, वेगळं चिन्ह आलं. पण आमच्या किराणा दुकानात ते चिन्ह शोधायला गेलात तर दुकानदार विचारेल, "ताई, एक्सपायरी बघताय का?"

मग याद्या वाढत गेल्या. चकचकीत गोळ्या-चॉकलेटवरचा थर लाखेचा असू शकतो, आणि लाख किड्यापासून येते. लाल रंग कधी कधी किड्यांपासून. ड जीवनसत्त्वाच्या बहुतेक गोळ्यांमधलं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून. औषधाच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. बरं, कॅप्सूल नको, साधी गोळी घेऊ, तर तिच्यात भर घालायला लॅक्टोज. म्हणजे पुन्हा दूध!

इथे माझी पहिली मोठी चूक झाली, आणि ती ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ता करत असेल म्हणून सांगते. दूध-अंडी सगळं सोडलं की बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून घ्यावंच लागतं. याला पर्याय नाही. ते जिवाणू तयार करतात, भाजीत मिळत नाही. मला हे माहीत होतं. पण कॅप्सूलमध्ये जिलेटिन, गोळीत लॅक्टोज, म्हणून मी "शंभर टक्के शुद्ध" गोळी शोधत राहिले. शोधत राहिले म्हणजे घेतलीच नाही. दीड वर्षानं पायाला मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना दम, वाचलेलं लक्षात राहीना. रक्त तपासलं तर बी-१२ तळाला. इंजेक्शनं घ्यावी लागली. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "गाईला वाचवायचंय ना? मग वाचवणारी आधी उभी तर राहू दे."

तेव्हा मी हसले, पण धडा नीट घेतला नाही. कारण पुढच्याच दिवाळीला मी घरी आले आणि साखरेवर घसरले.

झालं असं. कुठेतरी वाचलं होतं की साखर व्हीगन नसते, कारण ती पांढरी करायला हाडांचा कोळसा वापरतात. आता साखर कारखान्याच्या गावातली मुलगी घरी येऊन आईला सांगते, "मी साखर खात नाही, त्यात हाडं असतात." विचार करा काय झालं असेल! आई काही बोललीच नाही. तिनं फक्त काकांना हाक मारली. माझे काका आयुष्यभर साखर कारखान्यात पॅनवर होते. म्हणजे रसाची साखर जिथे होते तिथे.

काकांनी मला बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. ऊस गव्हाणीत पडतो. तिथून गिरणीत. रस निघतो, चिपाड बॉयलरला जातं. रस तापवतात, त्यात चुन्याची निवळी घालतात, गंधकाचा धूर सोडतात. मळ खाली बसतो. वरचा स्वच्छ रस आटवतात, मग पॅनमध्ये निर्वात दाबाखाली शिजवून दाणा धरतात. शेवटी मोठ्या चाळणीच्या भांड्यात गरागरा फिरवून मळी वेगळी, साखर वेगळी. "यात हाड कुठे आहे ते दाखव," म्हणाले. नव्हतंच. हाडांच्या कोळशाची गोष्ट खरी आहे, पण ती अमेरिकेतल्या काही रिफायनऱ्यांची. आपल्याकडचे बहुतेक कारखाने चुना आणि गंधकाच्या पद्धतीनंच साखर करतात. मी अमेरिकेचा प्रश्न शहाद्याच्या चहात ढवळत बसले होते.

मला हायसं वाटलं. चला, साखर चालते! काका उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "हाड नाही बेटा. पण तुला जनावरच शोधायचं असेल तर ते बाहेर रस्त्यावर उभं आहे."

मंडळी, गव्हाण या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कारखान्यात ऊस टाकतात ती गव्हाण, आणि गोठ्यात बैलाला चारा टाकतात तीही गव्हाण. मी एका गव्हाणीची चौकशी करत होते आणि दुसरी विसरले होते.

ऊस शेतातून कारखान्यापर्यंत कसा येतो? ट्रक, ट्रॅक्टर, आणि महाराष्ट्रात आजही कितीतरी ठिकाणी बैलगाडी. टायरगाडी म्हणतात तिला. त्यावर रचलेला ऊस तुम्ही पाहिलाच असेल, रात्रीच्या रस्त्यावर पुढे बैल, मागे उसाचा डोंगर. ओझं ओढणाऱ्या जनावरांसाठी आपल्याकडे १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. वजनाची मर्यादा आहे. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि ३७ अंशांच्या वर तापमान असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. नियम चांगले आहेत. रस्त्यावर ते मोजायला कोण उभं असतं, ते तुम्हीच सांगा.

आता कसं करायचं? साखर व्हीगन की नाही? पाकिटातल्या साखरेत प्राण्याचा एक कण नाही, आणि ती ओढून आणणाऱ्या बैलाच्या मानेला कदाचित घट्टे पडलेले आहेत. यादी इथे संपते. कुठलंही चिन्ह यावर काही सांगत नाही.

आणि एकदा बघायला लागलं की सगळीकडे दिसतं. मी मोठ्या अभिमानानं सेंद्रिय भाजी घ्यायचे. सेंद्रिय शेतीचा पाया काय? शेणखत. जीवामृत कशाचं? गाईचं शेण आणि गोमूत्र. म्हणजे मी गाईचं दूध नाकारून गाईवरच उभी असलेली भाजी खाते. उसात बिबट्या पिल्लं घालतो, आणि तोडणीच्या वेळी ती पिल्लं आईपासून तुटतात. जुन्नरकडच्या अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. वासराच्या व्हिडिओनं मला झोप लागली नव्हती. मग पिल्लाचं काय?

तर मी ठरवलं, आपण त्या माणसांशीच बोलू. गेल्या डिसेंबरची गोष्ट. गावापासून थोडं दूर एका शेताच्या कडेला ऊसतोडीच्या कोप्या पडल्या होत्या. डोंगरातून आलेली कुटुंबं. आपल्या जिल्ह्यातून किती माणसं दर हंगामाला कोयता घेऊन निघतात हे नंदुरबारकरांना सांगायला नको. काही इथेच, खूप जण खाली दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हंगामभर ती उचल फेडायची.

ज्यांच्याकडे मी गेले त्या दादांची स्वतःची बैलजोडी होती. दादा बैलांना उसाचं वाढं टाकत होते. मी बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात ताईंनी पोराला कुठेतरी पिटाळलं. थोड्या वेळानं तो परत आला, हातात दुधाची छोटी पिशवी. दहा मिनिटांनी स्टीलच्या पेल्यात चहा माझ्यासमोर.

मी नेहमीचं वाक्य बोलले. "ताई, मी दुधाचं घेत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू, राग नाही, काही नाही, म्हणाल्या, "आमच्या हातचं चालत नाही का?"

मंडळी, मी चार वर्षं हे वाक्य शेकडो वेळा बोलले आहे. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये, लग्नात, विमानात. कधीच कुणी त्याचा हा अर्थ घेतला नव्हता. आणि त्या कोपीत दुसरा अर्थ निघणंच शक्य नव्हतं. गावातली, पक्क्या घरातली, शिकलेली मुलगी येते, आणि आदिवासी बाईच्या हातचा चहा नको म्हणते. याचा अर्थ आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. मी गाईबद्दल बोलत होते आणि त्यांना ऐकू येत होतं सोवळं.

मी चहा प्यायले. पूर्ण प्यायले. मग समजावून सांगितलं की मी का घेत नाही, वासराचं वगैरे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना. आम्ही रोज कोराच पितो. दूध तुमच्यासाठी आणलं."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

मग मी दादांना माझा मोठा प्रश्न विचारला. म्हटलं, बैलांचे हाल बघवत नाहीत म्हणून मी साखर सोडायचा विचार करतेय. ते म्हणाले, "तू साखर सोडलीस तर माझा बैल सुटेल का?" मी म्हटलं, ट्रॅक्टर आले तर? म्हणाले, "आले तर येतील. मग मला बैल विकावे लागतील. म्हातारा बैल कोण विकत घेतं, ते तुला माहीत आहे." आणि मग, बैलाच्या मानेवर हात फिरवत, "याच्या मानेकडे बघितलंस. हिच्या पाठीकडे बघितलंस का?" हिच्या म्हणजे ताईंच्या.

नव्हतं बघितलं. मी जनावर शोधायला गेले होते. ऊसतोड करणाऱ्या बायकांबद्दल मला बातम्यांपुरतं ठाऊक होतं. २०१९ मध्ये बीडची ती बातमी आली होती, गर्भाशय काढून टाकलेल्या बायकांची. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, आणि तेरा हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली गेल्याचं पाहणीतून पुढे आलं. पाळीच्या, आजारपणाच्या दिवसाचा खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण. तीच साखर. तिच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, आणि माझ्या यादीप्रमाणे ती व्हीगन होती.

त्या रात्री मी ठरवलं, बास. हे सगळं ढोंग आहे. काहीच शुद्ध नसेल तर कशाला एवढा त्रास? जवळपास दोन महिने मी काहीच पाळलं नाही. ताक प्यायले, आईच्या हातची दाळ-बट्टी तुपात बुडवून खाल्ली. चव छान होती, खोटं कशाला बोलू. पण एक गंमत झाली. मला वाटलं होतं की सोडल्यावर हलकं वाटेल. तसं वाटलं नाही, कारण वासराबद्दल मला जे वाटत होतं ते खोटं नव्हतंच. साखर शुद्ध नाही म्हणून वासराचा त्रास काही कमी होत नव्हता.

याच काळात मी गांधीजींच्या दुधाची गोष्ट नीट वाचली. थोडक्यात सांगते, कारण आपल्याआधी शंभर वर्षं एक माणूस याच गाठीत अडकला होता. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉल्स्टॉय फार्मवर, गांधीजींनी दूध सोडलं. त्यात संयमाचा विचार होता, आणि गवळी गाई-म्हशींना किती क्रूरपणे वागवतात हे वाचल्याचाही परिणाम होता. १९१८ मध्ये ते भयंकर आजारी पडले. माथेरानला हवापालटाला गेले, उपयोग झाला नाही. मुंबईत डॉक्टर दलालांनी बजावलं की दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, व्रत आहे. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली : व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं ना, मग शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं, आणि पुढे आयुष्यभर घेत राहिले.

मला यात कोणती गोष्ट भिडली सांगू? त्यांनी दूध घेतलं ही नाही. घेतल्यावर आत्मचरित्रात त्यांनी स्वतःची बाजू सजवली नाही ही. व्रताचं अक्षर पाळलं आणि आत्मा मोडला, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलं. जगायची, काम करायची इच्छा जास्त जोरदार ठरली, हे कबूल केलं. "शेळीचं दूध म्हणजे दूध नव्हेच" असा शोध त्यांनी लावला नाही.

आणि मग मला आपल्याच भाषेतले दोन शब्द सापडले, जे मी चार वर्षं एकत्र कालवत होते. एक नेम आणि दुसरा सोवळं.

आपल्याकडे माळकरी असतात. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मच्छी नाही, एकादशी धरायची. तो नेम असतो. नेम माणूस स्वतःसाठी धरतो. नेम चुकतो, आणि चुकला तर आपण म्हणतो, "आज नेम चुकला." उद्या परत धरतो. चुकला म्हणून माळ कुणी विहिरीत टाकत नाही. आणि चुकलाच नाही असंही म्हणत नाही.

सोवळं वेगळं. सोवळ्यात प्रश्न असतो, मला काय शिवलं? कुणाचा हात, कुणाचं भांडं, कुठला कण. ते एकदा विटाळलं की सगळंच गेलं. आणि ते राखायचं तर माणसांना लांब ठेवावं लागतं.

माझं व्हीगन असणं नेम म्हणून सुरू झालं, आणि याद्या वाचता वाचता कधी सोवळं झालं मला कळलंच नाही. गोळीतला लॅक्टोजचा कण, साखरेतला न दिसणारा कोळसा, हे सगळं "मला काय शिवलं" होतं. त्यानं एकाही गाईचं भलं झालं नाही. माझं बी-१२ तेवढं गेलं.

तर आता मी काय करते? उपदेश नाही, फक्त माझा नेम सांगते.

एक. जे मी विकत घेते आणि जे मी शिजवते, त्यात प्राण्याचं काही नाही. दूध, अंडी, चामडं, रेशीम नाही. यात सूट नाही, कारण इथे माझे पैसे थेट त्या धंद्यात जातात. आणि हे अवघडही नाही हो! खानदेशात राहून? कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, शेवभाजी, फुनके, शेंगदाण्याची चटणी. आपलं अर्धं ताट आधीपासूनच असं आहे, फक्त त्याला कुणी व्हीगन म्हणत नाही. महागडं बदामाचं दूध मी केव्हाच बंद केलं.

दोन. औषध नेमाच्या बाहेर. लॅक्टोज असो, जिलेटिन असो, डॉक्टर सांगतील ते घ्यायचं. बी-१२ न चुकता. तुम्हीही, प्लीज.

तीन. कुणाकडे जायचं तर चूल पेटायच्या आधी सांगायचं. "कोरा टाका, मला कोराच आवडतो." एवढ्या एका वाक्यानं त्या दिवशी दुधाची पिशवी आली नसती, आणि तो प्रश्नही आला नसता. मी परत गेले होते ताईंकडे. या वेळी चहापत्ती आणि गूळ घेऊन. सगळ्यांनी कोरा प्यायला.

चार. माझा नेम दुसऱ्याच्या ताटावर नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या जिल्ह्यात कुपोषण आहे. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या अंगणवाडीच्या मुलांना अंडी मिळतात. कुणी व्हीगन म्हणून त्या अंड्याविरुद्ध बोलायला लागलं तर मी त्याच्या बाजूला नाही. ज्याच्यासमोर निवडायला दहा पदार्थ आहेत त्यानं एक सोडावा. ज्याच्यासमोर एकच आहे त्याला काय सोड म्हणणार?

पाच. साखर मी खाते. लपवत नाही. मी ती सोडल्यानं दादांचा बैल सुटत नाही, त्यांचं हे म्हणणं मला आजवर खोडता आलेलं नाही. पण मग हात झटकायचे का? तेही नाही. सांगली-सोलापूरकडे अॅनिमल राहत नावाची संस्था साखर कारखान्यांवरच्या बैलांसाठी काम करते, त्यांच्यावर उपचार करते आणि बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर यावा म्हणूनही प्रयत्न करते. बदामाच्या दुधाचे माझे जे पैसे वाचतात ते मी आता ओझ्याच्या जनावरांच्या उपचारासाठी देते. फार नाहीत. दादांचा ट्रॅक्टरवाला प्रश्न यानं सुटत नाही, हेही मला दिसतं. आणि ऊसतोड बायकांच्या पाळीच्या सुट्टीबद्दल, दवाखान्याबद्दल कुणी बोलत असेल तर तो विषय "प्राण्यांचा नाही" म्हणून मी आता पुढे सरकवत नाही.

१९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मित्रांनी व्हीगन हा शब्द घडवला. त्यांच्या संस्थेची जी व्याख्या आज सगळीकडे देतात तिच्यात एक अट आहे : शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं. मी पूर्वी ही अट वाचून चिडायचे. वाटायचं, ही तर पळवाट. आता वाटतं, त्यात नेम आहे. फक्त "शक्य तितकं" म्हणजे किती, हे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एक असतं आणि उसाच्या फडाशेजारच्या कोपीत दुसरं.

शेवटी तो चहा. मी केलं ते बरोबर होतं का? मला वाटतं, हो. परत तीच वेळ आली तर परत पिईन. पण त्याला मी "व्हीगन" म्हणणार नाही. ते दूध कुठल्यातरी वासराच्या वाटणीचं होतं, आणि मी ते प्यायले. माझ्या हिशोबात त्या दिवसापुढे लिहिलंय : नेम चुकला. दुसऱ्या बाजूला ताईंचा चेहरा आहे, तोही हिशोबातच आहे. दोन्ही एकमेकांत वजा होत नाहीत. तसेच राहतात.

तुम्ही दूध प्या, पिऊ नका, तो तुमचा प्रश्न. पण तुमचाही काहीतरी नेम असेलच. प्लास्टिकचा असेल, खादीचा असेल, ऑनलाइन न मागवण्याचा असेल. तो कधी चुकला, आणि चुकल्यावर तुम्ही काय केलं, हे मला आवाजी निरोपात नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही ऐकू.

तोपर्यंत काळजी घ्या. आणि कुणाकडे चहाला जाणार असाल, तर आधी सांगा.